आत्यांचं बटण आणि माझं जाळं

रात्री अडीचला जाग आली ती मामांच्या खाकरण्यानं. न्हाणीच्या वाटेवर अंधारात उभे राहून ते दोन्ही हात हलवत होते. मला बघून म्हणाले, "तुझा तो डोळा झोपलाय बघ. मगाधरनं हात करतोय, दिवा पेटंनाच झालाय."

डोळा म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर. काडेपेटीएवढा, आत नाण्यासारखा सेल, भिंतीला चिकटवलेला. मामा म्हणजे माझे सासरे, वय ७६. आदल्या पावसाळ्यात याच वाटेवर त्यांचा पाय घसरला. मुका मारच होता, पण पंधरा दिवस अंथरुणात काढले. वाटेवरच्या दिव्याचं बटण पलीकडच्या टोकाला, म्हणजे उजेड करायला आधी अंधारातून जायचं. टू-वे वायरिंग करून दोन्ही टोकांना बटण लावलं असतं तर काम झालं असतं, हे मला कळतं. नवऱ्यानं तेच सांगितलं होतं आणि अजूनही महिन्यातून एकदा सांगतो. पण झोपेतून उठलेल्या माणसाला बटणही शोधायला लागू नये असं मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर हे सगळं करून बघायची हौसही होती.

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. पेठेतल्या जुन्या घरांसारखंच बोळासारखं. रुंदी जेमतेम १५ फूट, लांबी ८० च्या आसपास. पुढं सोपा, मग माजघर, त्यातच देवघर, मग स्वयंपाकघर, मग न्हाणीची वाट, आणि शेवटी परडं. पुढच्या भिंती मातीच्या, दीड हात जाड. मागचा भाग नंतर बांधलेला, वर स्लॅब, स्लॅबवर पाण्याची टाकी. इंटरनेटची केबल रस्त्याकडून येते, त्यामुळे वाय-फायचा डबा सोप्यात. त्याच्याच शेजारी मी रास्पबेरी पाय ४ हा बारका कॉम्प्युटर ठेवला, त्यावर घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट आणि झिगबीशी बोलणारं झिगबी-टू-एमक्यूटीटी ही सॉफ्टवेअरं चढवली, यूएसबीला झिगबीचा डोंगल, म्हणजे रेडिओची कांडी, लावला. झिगबी म्हणजे अशा बारक्या उपकरणांची बिनतारी भाषा, त्यात उपकरणं एकमेकांचे निरोप पुढं देत जाळं करतात. मागं दोन झिगबी बल्ब बसवले, एक स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीच्या वाटेवर. वाटेवर तो डोळा, परड्याच्या दाराला उघड-झाप सांगणारा सेन्सर, आणि टाकी भरून वाहायला लागली की कळावं म्हणून वर पाणी ओळखणारा सेन्सर.

झिगबीच का, तर सेलसाठी. वाय-फायवर बोलणारा सेन्सर सेल भराभर खातो. झिगबीचा वेग सेकंदाला फक्त २५० किलोबिट, म्हणजे व्हिडिओबिडिओच्या कामाचा नाही. पण "हालचाल झाली" एवढं सांगायला कितीसा वेग लागतो? एवढंसं बोलायचं आणि परत झोपायचं, त्यामुळे एक सेल वर्षभर आरामात जातो.

दिवसा सगळं उत्तम चालायचं. संध्याकाळी मी मुद्दाम चार फेऱ्या मारून बघायची, दिवा पेटायचा. रात्री मामा गेले की कधी पेटायचा, बहुतेक वेळा नाही.

मी सरळ निष्कर्ष काढला की रेंज कमी पडते. सेटिंगमध्ये जाऊन डोंगलची आवाज फेकायची ताकद वाढवली. फरक शून्य. नंतर कळलं की बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. माझा आवाज मोठा झाला म्हणून पलीकडच्या काडेपेटीचा आवाज मोठा होत नाही. तिची कुजबुज सोप्यापर्यंत पोचायलाच पाहिजे, आणि मध्ये दीड-दीड हाताच्या भिंती.

मग दुकानातून दोन स्मार्ट प्लग आणले. दुकानदार म्हणाला, "लावा मध्ये मध्ये, नेटवर्क वाढतंय." लावले. काहीच वाढलं नाही, कारण ते वाय-फायचे प्लग निघाले. वाय-फायचा प्लग फक्त स्वतःपुरतं बोलतो, दुसऱ्याचा निरोप पुढं देत नाही, आणि झिगबीची भाषा तर त्याला येतच नाही. उलट बाजूनं हेही लक्षात घ्या की झिगबीचे कितीही प्लग लावले तरी मोबाइलची वाय-फायची दांडी एकानंही वाढत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना हे मी तीनदा समजावलंय. त्या अजून विचारतात, "तुमच्या त्या प्लगनं आमच्याकडं नेट येईल का गं?"

जाळ्याचा खरा नियम मला उमगला तो स्लॅब टाकताना लागणारी माणसांची रांग आठवल्यावर. खालून वर घमेली हातोहात जातात. रांगेतला प्रत्येक माणूस जागा असतो, हात रिकामा झाला की पुढचं घमेलं घेतो. त्या रांगेत डुलकी घेणारा माणूस उभा केला तर घमेलं पायावरच पडणार. सेलवर चालणारा सेन्सर हा डुलक्या घेणारा माणूस. स्वतःचं घमेलं आणून जवळच्या माणसाच्या हातात देतो आणि झोपतो. रांगेत उभं राहणं त्याला परवडतच नाही, सेल चार दिवसांत संपेल. म्हणून निरोप पुढं द्यायचं काम कायम विजेवर असलेली उपकरणं करतात: प्लग, बल्ब, बोर्डाच्या आत बसणारे मॉड्यूल. झिगबीत अशा उपकरणाला राउटर म्हणतात. वाय-फायच्या डब्यालाही आपण राउटरच म्हणतो, त्यामुळे सुरुवातीला माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. डोंगल हा कोऑर्डिनेटर, तो एकच असतो. सेलवाली सगळी मंडळी एंड डिव्हाइस. सेन्सर झोपलेला असताना त्याच्यासाठी आलेला निरोप त्याचा राउटर थोडा वेळ सांभाळून ठेवतो. तेवढ्यात तो जागा होऊन विचारायला आला नाही तर निरोप गेला.

एवढं कळल्यावर मी नेटवर्कचा नकाशा उघडला. झिगबी-टू-एमक्यूटीटीत तो काढता येतो. कोण कोणाच्या हातात घमेलं देतंय ते रेघांनी दिसतं, आणि प्रत्येक रेघेवर दुव्याच्या दर्जाचा आकडा असतो, ० ते २५५ मधला. न्हाणीच्या वाटेवरचा डोळा आणि बल्ब, दोघांच्याही रेघा स्वयंपाकघरातल्या बल्बला जात होत्या आणि तिथून पुढं सोप्यात. स्वयंपाकघर ते सोपा आकडा होता तीसच्या आतबाहेर. हे मी दुपारी बघत होते. रात्री साडेदहाला परत नकाशा काढला तर स्वयंपाकघराचा बल्बच गायब, आणि त्याच्या मागचं सगळं अधांतरी.

आत जाऊन बघितलं. ओटा पुसून, भांडी पालथी घालून आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वयंपाकघराचं बटण बंद केलं होतं. गेली ४५ वर्षं त्या हेच करतात.

स्वयंपाकघरातलं बटण बंद झालं की न्हाणीच्या वाटेवरचा दिवा पेटत नाही, हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा हसला. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "दिवा इथला, अंधार तिथं? कुठली वायरिंग म्हणायची ही?" मी बटणावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि वर 'बंद करू नये' लिहिलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघालेली. "बटणाला पट्टी लावायची तर बटण ठेवलंयस कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि आत्यांचं काही चुकतही नव्हतं. बटणाच्या मागं स्मार्ट बल्ब लावणं म्हणजे रांगेतल्या माणसाला रोज रात्री घरी पाठवणं. स्मार्ट बल्ब मोबाइलवरून बंद केला तर उजेड जातो, पण आतला रेडिओ जागा राहतो, निरोप पुढं जातात. भिंतीवरचं बटण दाबलं की वीजच जाते, रेडिओसकट. प्लगचंही तसंच. प्लगवरच्या छोट्या बटणानं बंद केला तरी तो रांगेत उभा असतो, सॉकेटचं बटण दाबलं की गेला.

मग मी एक यादी केली: आत्या आपल्या घरात काय कधीच बंद करत नाहीत? यादीत दोनच गोष्टी आल्या. फ्रिज, आणि देवघरातला झिरोचा दिवा.

दोन झिगबी प्लग मागवले, या वेळी खोक्यावर झिगबी लिहिलेलं वाचून. देवघर बरोबर घराच्या मध्यावर येतं. तिथल्या सॉकेटला एक प्लग लावला, त्यातच दिव्याची पिन. आत्यांनी आधी बघितलं की दिवा चालतोय ना, मग गप्प बसल्या. दुसरा १६ अँपिअरचा, स्वयंपाकघरात फ्रिजला. त्या संध्याकाळी नकाशात देवघराची सोप्याशी रेघ १४० च्या वर आणि फ्रिजची देवघराशी साधारण तेवढीच. तीसवरून एकशेचाळीस! भिंती त्याच होत्या, फक्त एका उडीच्या जागी दोन उड्या झाल्या.

डोळा मात्र फ्रिजकडं वळेना. जाळं आपोआप स्वतःची वाट शोधतं असं सगळीकडं लिहिलेलं असतं. राउटरांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. सेलवाले काही सेन्सर मात्र एकदा ज्याचं बोट धरलं त्याचं सोडायलाच तयार नसतात. बोट धरलेला अंधारात गेला तरी हे तासन् तास तसेच. माझी मूळ चूक म्हणजे मी सगळे सेन्सर सोप्यात, डोंगलच्या मांडीवर बसवून जोडले होते आणि मग मागं नेऊन चिकटवले. करायला पाहिजे ते असं, की आधी राउटर बसवायचे, जवळून लांब अशा क्रमानं. मग सेन्सर जिथं राहणार तिथंच त्याला जोडायचं. झिगबी-टू-एमक्यूटीटीत 'फक्त या उपकरणामार्फत आत घे' असं सांगता येतं. मी फ्रिजचा प्लग निवडला, न्हाणीच्या वाटेवर स्टुलावर उभी राहिले आणि डोळ्याचं बटण सेफ्टी पिनेनं दाबून धरलं. निळा ठिपका लुकलुकला आणि तो जोडला गेला. त्या रात्री मामा दोनदा उठले, दोन्ही वेळा दिवा पेटला. सकाळी चहा घेताना म्हणाले, "आज डोळा शुद्धीवर हाय."

तीन आठवडे मी गल्लीत मान वर करून फिरले.

जूनच्या पहिल्या वळवासारख्या पावसात संध्याकाळी वीज गेली ती रात्री उशिरा आली. इन्व्हर्टर आहे आमच्याकडं, पण त्यावर फक्त दिवे, पंखे, देवघर आणि सोप्यातला वाय-फायचा बोर्ड. फ्रिज इन्व्हर्टरवर कोण घेतं? म्हणजे ज्या अंधाऱ्या रात्री डोळ्याची खरी गरज, त्याच रात्री त्याच्या रांगेतला माणूस घरी गेलेला. हे मला अंधारात बसल्यावर सुचलं. वाट पाहत बसले, मामा उठले की बॅटरी घेऊन बरोबर गेले.

वाईट गोष्ट सकाळी कळली. वीज परत आल्यावर प्लगनं काय करायचं याची एक सेटिंग असते: चालू व्हायचं, बंदच राहायचं, की आधी होता तसं. माझ्या प्लगला ती कारखान्यातूनच 'बंद' अशी आली होती आणि मी बघितलीच नव्हती. वीज आली, सगळी पेठ उजळली, आमचा फ्रिज मात्र रात्रभर बंद. कट्ट्यावरून आणलेलं दीड लिटर म्हशीचं दूध नासलं. आत्या काही बोलल्या नाहीत. त्या दुधाचं पनीर केलं आणि दोन दिवस तेच वाढलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. फ्रिजवर रिले, म्हणजे आतून वीज जोडणारा-तोडणारा स्विच, असलेला प्लग लावायचा असेल तर ही सेटिंग आधी बघा, नाहीतर लावूच नका. मी तो काढून टाकला.

आता स्वयंपाकघरात असं काहीतरी हवं होतं जे इन्व्हर्टरवर असेल आणि बटण दाबलं तरी झोपणार नाही. म्हणजे बोर्डाच्या आत बसणारं मॉड्यूल. त्याला वीज सरळ मिळते, भिंतीवरचं बटण त्याला नुसती खूण करतं. आत्या बटण दाबतात, दिवा जातो, मॉड्यूल जागंच. मी ऑनलाइन बघून 'न्यूट्रल लागत नाही' असं मॉड्यूल घेतलं, कारण जुन्या घरात बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, नसते असं वाचलं होतं. वायरमनदादा आले. "मेन पाडा आधी," म्हणत त्यांनीच मेन पाडला आणि जुना लाकडी बोर्ड उघडला. मॉड्यूल बसलं, दिवा लागला. नकाशात बघते तर ते राउटर नाहीच, सेन्सरांसारखंच नुसतं एंड डिव्हाइस. बिनन्यूट्रलचं मॉड्यूल दिव्यातून झिरपणाऱ्या जराशा करंटवर जगतं. तेवढ्यात सतत जागं राहायला भागत नाही, म्हणून त्यातली बहुतेक निरोप पुढं देत नाहीत. वर एलईडी दिवा बंद असतानाही मिणमिणायला लागला.

दादांना सांगितलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले. "वहिनी, मिक्सरचा सॉकेट याच बोर्डावर हाय. सॉकेट हाय म्हणजे न्यूट्रल हायच की! मला आधी इचारायचं न्हाई व्हय?" नऊशे रुपये पाण्यात. दुसरं मॉड्यूल आलं, न्यूट्रलवालं. पुढच्या रविवारी दहा मिनिटांत बसलं. स्मार्ट बल्ब काढून साधा ९ वॅटचा एलईडी लावला. दादा जाताना एक कामाची गोष्ट सांगून गेले, की नवीन घरात भिंतीत पत्र्याचा डबा असतो, त्याच्या आत कोंबलं तर रेडिओचा आवाज दबणार. आमचा लाकडी बोर्ड या एका बाबतीत भाग्याचा.

मधल्या काळात आणखी दोन बारीक गोष्टी निस्तरल्या. डोंगल रास्पबेरी पायच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टशेजारी होता आणि निळ्या पोर्टला हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि झिगबी बोलतं तेही तिथंच. इंटेलनं २०१२ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. काळ्या यूएसबी २ पोर्टला मीटरभराची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब टांगला. दुसरं चॅनेलचं. झिगबीचं माझं चॅनेल ११, आणि वाय-फायचा डबा आपल्या मनानं चॅनेल १ वर बसलेला. या दोन्ही जागा एकमेकांवरच येतात. वाय-फाय ११ वर नेलं. आता दोघांचाही आकडा ११, पण हवेत दोघं लांब लांब. झिगबीचं ११ म्हणजे २४०५ मेगाहर्ट्झ आणि वाय-फायचं ११ म्हणजे २४६२. हे ऐकून नवऱ्यानं विचारलं होतं, "हे आकडे दारू पिऊन दिलेत काय?" झिगबीचं चॅनेल बदललं असतं तर काही उपकरणं परत जोडावी लागली असती, म्हणून वाय-फायला हलवलं. ते आवाज न करता हलतं.

टाकीचा किस्सा मात्र सांगायलाच पाहिजे. टाकीच्या मागं ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली पाणी ओळखणारा सेन्सर ठेवला होता. मी मगानं पाणी ओतून बघायची, मोबाइल लगेच वाजायचा. खरी टाकी वाहिली की मोबाइल गप्प, आणि खालून शेजारचे ओरडायचे, "अहो पाणीऽऽ!" असं चार-पाचदा झालं. सेल बदलला, सेन्सर बदलायच्या बेतात होते. मग एकदा गच्चीत उभी असताना डोक्यात प्रकाश पडला. मी मगानं ओतून बघायची तेव्हा टाकी अर्धी रिकामी असायची. वाहते तेव्हा ती भरलेली असते. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं, आणि सेन्सर व जिन्यातून येणारा निरोपाचा रस्ता यांच्यामध्ये हजार लिटर पाणी उभं. म्हणजे ज्या क्षणी सेन्सरनं ओरडायचं त्याच क्षणी त्याच्या तोंडावर उशी. प्लंबरनं पाइपाला एल्बो लावून तोंड जिन्याच्या बाजूला वळवलं, सेन्सर तिकडं ठेवला. त्यानंतर शेजाऱ्यांचं ओरडणं थांबलं.

भाचा पुण्याहून आला होता, म्हणाला झिगबी जुनं झालं, आता थ्रेड घे, मॅटर घे. घेईन कधीतरी. पण थ्रेडसुद्धा त्याच जातीच्या रेडिओवर चालतं आणि तिथंही हाच नियम: विजेवरचे निरोप पुढं देतात, सेलवाले झोपतात. आत्यांचं बटण तिथंही तेवढंच चालणार.

आणखी एक सेटिंग मी उशिरा बघितली. उपकरण गायब झालंय हे सांगायची सोय झिगबी-टू-एमक्यूटीटीत चालू केली तर विजेवरचं उपकरण १० मिनिटं बोललं नाही की ते मेलं धरलं जातं. सेलवाल्याला मात्र २५ तासांची मुदत. झोपाळूंना तेवढी द्यावीच लागते. पण त्यामुळे डोळा संध्याकाळी तुटला तर मला दुसऱ्या दिवशी रात्री कळणार. म्हणून मी सेन्सरवर नजर ठेवत नाही, त्याच्या रांगेतल्या माणसांवर ठेवते. देवघर किंवा स्वयंपाकघराचं मॉड्यूल १० मिनिटं गप्प झालं की माझा मोबाइल वाजतो.

ऑगस्टमध्ये वीज पाच तास गेली. इन्व्हर्टरवर सोपा, देवघर, स्वयंपाकघर, वाट, सगळी रांग उभी होती. मामा दीड वाजता उठले, दिवा पेटला, परत आले, झोपले. मला सकाळी नोंद बघून कळलं.

त्याच आठवड्यात मी टॅबवर नकाशा उघडून बसले होते तर आत्या मागं येऊन उभ्या राहिल्या. हे काय म्हणून विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं: हा सोपा, हे देवघर, हे स्वयंपाकघर, हा मामांचा डोळा, ही टाकी. त्यांनी चष्मा वर केला, रेघांवरून बोट फिरवलं.

"सगळ्या रेघा देवघरातनंच जात्यात की."

"होय, तिथला दिवा तुम्ही बंद करत नाही ना, म्हणून."

"मग?" म्हणाल्या, आणि भाजी निवडायला गेल्या.

परड्याच्या दाराचा सेन्सर अजून आठवड्यातून एकदा तुटतो, त्याचा आकडा वीसच्या वर जात नाही. परड्यात सॉकेट नाही. वायरमनदादांना सांगितलंय, ते म्हणाले दिवाळीनंतर बघू.